बोटीवरच्या गरम पाण्याच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह: तो का ठिबकतो आणि कसा बदलायचा

आजोळी, देवरुखला, न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत करवंट्या आणि चिपाडं पेटवायची, भोवतालचं पाणी तापायचं, आणि वरून गार पाण्याची कळशी ओतली की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडायचं. त्या बंबाला सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता. लागतही नव्हता, कारण बंब वरून उघडा असायचा. पाणी तापून फुगलं तर पातळी थोडी वर चढायची, उकळलं तर वाफ झाकणाच्या फटीतून निघून जायची.

आता हाच बंब चारी बाजूंनी बंद केला आहे असं समजा. त्याला पंपाने दाबाखाली पाणी द्या, आणि तापलेलं पाणी मागे गार पाण्याच्या पाइपात शिरू नये म्हणून वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. आता पाणी तापून फुगलं तर जाणार कुठे? बोटीवरची गरम पाण्याची टाकी म्हणजे असा बंद बंब. तिच्या अंगावर अंगठ्याएवढा एक पितळी व्हॉल्व्ह असतो, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. फुगलेल्या पाण्याला तेवढी एकच वाट असते.

मी अमेरिकेत, मेरीलँडमध्ये राहतो. ॲनापोलिसजवळ, चेसापीकच्या उपसागराच्या एका खाडीत माझी ३४ फुटी, जुनी शिडाची बोट उभी असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नांगर टाकून रात्री बोटीवरच झोपलो होतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याचा पंप दोन सेकंद घुरघुरायचा आणि थांबायचा. नळ सगळे बंद होते. बोटीवरचा पंप पाइपातला दाब उतरला की आपोआप चालू होतो, म्हणून तो रात्री असा मधूनमधून वाजायला लागला की दाबाखालचं पाणी कुठेतरी निसटतंय हे ओळखावं. सकाळी केबिनची तळफळी उचलली. खाली बोटीच्या पोटात, ज्याला बिल्ज म्हणतात तिथे, चांगलं बादलीच्या तळाला पुरेल एवढं पाणी साचलं होतं.

पाण्यावर उभ्या असलेल्या बोटीच्या आत पाणी दिसलं की छातीत धस्स होतं. अशा वेळी पहिली परीक्षा जिभेची. करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावली. चेसापीकचा उपसागर मचूळ आहे, सस्क्वेहॅनासारख्या मोठ्या नद्या त्यात गोडं पाणी ओततात, तरीही त्याचा खारटपणा जिभेला कळतो. हे पाणी साफ गोडं होतं. म्हणजे बोटीला भोक पडलेलं नव्हतं, आमच्याच पिण्याच्या टाकीतलं पाणी गळत होतं. पाइपाचा माग काढत मागच्या कप्प्यात गेलो आणि बॅटरीच्या उजेडात तो व्हॉल्व्ह दिसला. पितळेवर हिरवा गंज चढलेला, तोंडाभोवती क्षारांची पांढरी साय, आणि ओठावर एक थेंब. तो फुगत जायचा, लोंबायचा, पडायचा, आणि पुढच्या तीन-चार सेकंदांत तिथे नवा थेंब तयार असायचा.

तो व्हॉल्व्ह मी बदलला. पण बदलण्याआधी तो का गळतोय हे शोधण्यात जो वेळ गेला तोच खरा कामाचा होता, आणि या लेखात मला जास्त सांगायचं आहे तेही त्याबद्दलच. पान्याने व्हॉल्व्ह फिरवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

पाणी फुगतं म्हणजे किती?

बोटीवरची टाकी लहान असते. अमेरिकेत सर्रास दिसते ती ६ गॅलनची, म्हणजे जवळपास २३ लिटरची. ती दोन तऱ्हांनी तापते. धक्क्याला बांधलेली असताना किनाऱ्यावरची वीज जोडायची आणि आतल्या एलिमेंटने पाणी तापवायचं, घरच्या गीझरसारखं. समुद्रात असताना मात्र इंजिन हीच चूल. इंजिन थंड ठेवणारं कूलंट टाकीतल्या वेटोळ्या नळीतून फिरवतात आणि त्याची उष्णता पाण्याला मिळते. बंबाची मधली नळी आठवा, फक्त आत जाळाऐवजी इंजिनचं गरम पाणी.

विजेवर तापवताना थर्मोस्टॅट असतो, तो ठरल्या तापमानाला वीज तोडतो. इंजिनच्या नळीला बहुतेक बोटींवर असा रखवालदार नसतो. कूलंट ८० ते ९० अंश सेल्सिअसला फिरत असतं आणि दोन-तीन तास इंजिन चाललं की टाकीतलं पाणीही त्याच्या जवळपास जाऊन पोचतं. म्हणून बोटीवर गरम पाण्याचा नळ उघडताना घरच्यापेक्षा जास्त जपावं लागतं. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी गंभीर भाजतं, आणि हे तर ८० अंशांचं. लहान मुलं बोटीवर येत असतील तर टाकीच्या तोंडाशी गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह असायलाच हवा.

२० अंशांचं पाणी ८० अंशांपर्यंत तापवलं की ते सुमारे पावणेतीन टक्के फुगतं. २३ लिटरच्या टाकीत हे होतात ६०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे प्यायच्या पाण्याच्या मोठ्या ग्लासाने दोन ग्लास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाणी हवेसारखं दबत नाही. भरलेल्या, बंद टाकीत हे दोन ग्लास पाणी मावायला जागाच नसते, आणि दाब भराभर चढतो.

माझ्या टाकीच्या पाटीवर कामाचा दाब ७५ पीएसआय लिहिलेला आहे, म्हणजे पाच बारपेक्षा जरासा जास्त. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वापाच किलो. टाकीचं झाकण ३० सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे त्या एका झाकणाला आतून साडेतीन टनांहून जास्त जोर सोसावा लागतो. ज्या टाकीवर आपण लाइफ जॅकेट आणि दोरखंड रचून ठेवतो तिच्या पोटात एवढं चाललेलं असतं.

आत काय असतं

रचना साधी आहे. एक गोल भोक, त्यावर रबराची चकती, चकतीवर स्प्रिंग. भोक एक चौरस सेंटिमीटरचं असेल तर ७५ पीएसआयचा व्हॉल्व्ह म्हणजे सव्वापाच किलोचं वजन त्या चकतीवर ठेवल्यासारखं. आतून पाण्याचा जोर त्याहून वाढला की चकती केसभर उचलली जाते, थोडं पाणी निसटतं, दाब उतरतो, स्प्रिंग चकतीला परत बसवते.

तुमच्या ओट्यावरच्या कुकरची शिट्टी हेच करते, फक्त तिथे स्प्रिंगऐवजी वजन असतं. ही कल्पना आली तीही कुकरबरोबरच. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये हाडं मऊ शिजवणारं एक बंद भांडं तयार केलं होतं. ते फुटू नये म्हणून त्याने झाकणातल्या भोकावर वजन लावलेली दांडी ठेवली. सगळ्या सेफ्टी व्हॉल्व्हचा मूळपुरुष तोच.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाचा फरक समजून घ्या. काही व्हॉल्व्ह फक्त दाब ओळखतात, काही दाब आणि तापमान दोन्ही. दुसऱ्या जातीच्या व्हॉल्व्हला खाली बोटभर लांब कांडी असते, ती टाकीच्या वरच्या भागातल्या सगळ्यात गरम पाण्यात बुडलेली राहते, आणि पाणी ९९ अंशांना पोचलं की दाब कितीही असो, व्हॉल्व्ह उघडतो. अमेरिकेतल्या घरगुती हीटरवर हाच प्रकार असतो. पुष्कळ बोटींवर मात्र फक्त दाबाचा व्हॉल्व्ह बसवलेला दिसतो.

फरक का पडतो? समजा थर्मोस्टॅट चिकटला आणि वीज तुटलीच नाही. १,५०० वॉटचा एलिमेंट २३ लिटर पाणी पाऊण तासात ४० अंशांनी वर चढवतो. म्हणजे ६० वरून १०० वर जायला पाऊण तास पुरतो. फक्त दाबाचा व्हॉल्व्ह फुगलेलं पाणी थेंब थेंब सोडत राहील, पण तापमान चढतच जाईल, कारण दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही. ७५ पीएसआयला ते साधारण १६० अंशांपर्यंत पाणीच राहतं. आणि अशा वेळी टाकीची शिवण उसवली तर? दाब एका क्षणात जातो आणि त्यातलं दहा-अकरा टक्के पाणी जागच्या जागी वाफ होतं. वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. २३ लिटरच्या टाकीतून चार हजार लिटर वाफ, तीही बोटीच्या कोंदट केबिनमध्ये. म्हणून एलिमेंटजवळ दुसरा एक कटआउट असतो, थर्मोस्टॅट फसला तर वीज तोडणारा. तुमच्या टाकीला फक्त दाबाचा व्हॉल्व्ह असेल तर हा कटआउट चालू स्थितीत असणं अतिशय गरजेचं आहे. काही जण तो वारंवार उडतो म्हणून तारा जोडून बायपास करतात. कृपा करून असं करू नका.

ठिबकणं कधी होतं ते बघा

व्हॉल्व्ह गळतोय म्हणून लगेच नवा आणायला निघू नका. एक दिवस त्याच्यावर नजर ठेवा.

सगळ्यात सोपी परीक्षा थंड टाकीवर होते. रात्रभर इंजिन बंद, हीटर बंद, फक्त पंप चालू. बोटीचे पंप साधारण ४० ते ४५ पीएसआयला थांबतात. ७५ चा व्हॉल्व्ह एवढ्या दाबाला एक थेंबही सोडता कामा नये. तरीही सोडत असेल तर दोष व्हॉल्व्हचाच: चकतीखाली कचरा अडकलाय, रबर कडक झालंय किंवा स्प्रिंग गंजून सैल पडलीय. माझं प्रकरण हेच होतं. वरची छोटी दांडी दोन-तीन सेकंद उचलून पाणी जोरात जाऊ दिलं तर कधी कधी कचरा धुऊन निघतो आणि गळणं थांबतं. पण जुना व्हॉल्व्ह एकदा उचलला की नीट बसेलच असं नाही, म्हणून नवा हाताशी असल्याशिवाय दांडीला हात लावू नये, निदान लांबच्या सफरीवर तरी.

गार असताना कोरडा आणि इंजिन चालल्यावर ठिबकणारा व्हॉल्व्ह ही वेगळीच गोष्ट. अर्धा-पाऊण लिटर पाणी येतं आणि थांबतं. तो व्हॉल्व्ह अगदी ठणठणीत आहे. पावणेतीन टक्क्यांचा हिशोब तो चोख पाळतोय. इथे व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, नवाही तसाच ठिबकणार. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी एका उन्हाळ्यात दोन व्हॉल्व्ह बदलले आणि दोन्ही वेळा माल खराब म्हणून दुकानदाराशी भांडण केलं. त्यांना हवी होती एक्स्पान्शन टाकी, तिच्याकडे पुढे येतो.

कढत पाण्याची धार किंवा वाफ येत असेल तर मात्र काही तपासत बसू नका. पॅनेलवरून हीटरचा ब्रेकर पाडा, इंजिन चालू असेल तर बंद करा आणि टाकी पूर्ण निवेपर्यंत त्या कप्प्यात डोकं घालू नका.

आणखी एक. धक्क्यावरच्या नळाची होज थेट बोटीच्या पाइपाला जोडलेली असेल तर दाब तुमच्या पंपाचा नाही, गावाच्या पाणीपुरवठ्याचा आहे, आणि तो बराच जास्त असू शकतो. मध्ये प्रेशर रेग्युलेटर हवा. बोट सोडून घरी जाताना ती होज बंद करूनच जावं. आतला एखादा पाइप निसटला तर तो नळ न थकता बोट भरत राहतो.

हे सगळं फक्त बोटवाल्यांसाठी नाही. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. त्याच्या फ्लॅटमधला २५ लिटरचा गीझर खालून ठिबकत होता.

"प्लंबर आलाय. म्हणतोय, तिथे डमी मारून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"दादा, त्याला तिथे हात लावू देऊ नकोस. आधी गीझरचा स्विच बंद कर, मग सांगतो."

डमी म्हणजे पाइपाच्या तोंडाला लावायचा बंद प्लग. गीझरच्या गार पाण्याच्या तोंडाशी जो मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह असतो तो नॉन-रिटर्नचंही काम करतो आणि दाब सोडायचंही. पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की दीड टक्का फुगतं, म्हणजे २५ लिटरमागे पाव लिटरहून जास्त. नॉन-रिटर्न नसेल तर ते गपचूप वरच्या टाकीकडे परत जातं. असेल तर व्हॉल्व्हमधून ठिबकतं. त्या तोंडाला डमी मारली की आपण बंद बंबाची एकुलती एक वाट बुजवली. दादाच्या गीझरमध्ये बोअरवेलच्या पाण्याचे क्षार साचले होते. व्हॉल्व्ह बदलला, काम झालं. उंच इमारतींत राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की दाब एक बारने वाढतो. वीस मजले खाली तो सहा बारच्या घरात जातो. म्हणून अशा इमारतींसाठी ८ बारचे गीझर विकतात, आणि त्यांचा व्हॉल्व्हही त्या दाबाचाच घ्यावा लागतो.

नवा व्हॉल्व्ह घेताना

टाकीवरची पाटी वाचा आणि जुन्या व्हॉल्व्हवरचा आकडा वाचा. नव्याचा आकडा टाकीच्या कामाच्या दाबापेक्षा कधीही जास्त नको. इथल्या मोठ्या हार्डवेअर दुकानांत मांडणीवर जे असतात ते घरगुती, १५० पीएसआयचे. रूप तसंच, किंमत कमी. ७५ च्या टाकीवर तो बसवला तर तो कधीच ठिबकणार नाही आणि आपल्याला वाटेल काम फत्ते झालं. खरं तर टाकी फाटायच्या बेताला आली तरी तो उघडणार नाही. तापमानाची कांडी असलेला घेत असाल तर कांडीला आत जागा आहे ना, इंजिनच्या नळीला ती अडत नाही ना, हेही बघायला हवं.

दुसरी गोष्ट आट्यांची, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. मुंबईला गेलो असताना नागदेवी स्ट्रीटवरून एक सुंदर, जड पितळी व्हॉल्व्ह आणला होता. अर्धा इंच, ५ बार, सगळं जुळत होतं. बोटीवर आल्यावर लावायला घेतला. दोन फेरे अगदी मऊ गेला, तिसऱ्याला अडला, जोर लावून चौथा दिला, आणि पाणी सोडल्यावर आट्यांतून पाझर. कारण असं, की भारतात आणि इंग्लंडमध्ये बीएसपी आटे चालतात, अमेरिकेत एनपीटी. अर्ध्या इंचाच्या दोन्हींत इंचाला १४ आटेच असतात, म्हणून सुरुवातीला ते एकमेकांत जातात. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि एनपीटीचा ६० अंशांचा. ते कधीच अंगाला अंग लावून बसत नाहीत. टेप कितीही गुंडाळा, पाझर राहतोच, आणि जोर केला तर टाकीचे आटे खराब होतात. माझे थोडक्यात वाचले.

काम

हीटरचा ब्रेकर पाडा आणि किनाऱ्यावरच्या विजेची केबलही काढून ठेवा. पंप बंद. इंजिन आदल्या दिवसापासून थंड असलेलं बरं. मग गरम पाण्याचा नळ उघडून दाब जाऊ द्या. टाकी पूर्ण रिकामी करायची गरज नसते, पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या खाली गेली की पुरे. खालचा ड्रेन उघडल्यावर पाणी येत नसेल तर आत हवा शिरत नाहीये, व्हॉल्व्हची दांडी उचलून धरा, धार सुरू होईल.

आता खरी कसरत. बोटीवर कुठलाही नट माणसाचा हात पोचेल अशा जागी नसतो. मी मागच्या कप्प्यात कुशीवर झोपून, एक हात डोक्यामागून नेऊन काम केलं. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर पितळ आणि ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं ओल्यात एकमेकांना चिकटून राहिल्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि सांधा जाम होतो. म्हणून नुसता व्हॉल्व्हला पाना लावून हिसका देऊ नये. टाकीचा जोड दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा आणि मग व्हॉल्व्ह घड्याळाच्या उलट दिशेने, सावकाश दाब देत फिरवावा. टाकीची पातळ शीट वाकतेय असं दिसलं तर तिथेच थांबा, पुन्हा तेल, पुन्हा वाट.

पितळेचा रंगही बघून घ्या. जुनं पितळ गुलाबी-लालसर दिसायला लागलं असेल तर त्यातलं जस्त झिजून गेलंय आणि मागे ठिसूळ तांबं उरलंय. असा व्हॉल्व्ह पान्याखाली बिस्किटासारखा तुटतो आणि आट्यांची कडी टाकीत अडकून राहते. ती काढायला हॅकसॉच्या पात्याने आतून एक चीर पाडावी लागते, खालच्या आट्यांना स्पर्श न करता. ते काम आपल्याला जमेल असं वाटत नसेल तर आधीच जाणत्याला बोलवावं.

माझा सुदैवाने सलग निघाला. मी तो उघडून पाहिला. रबरी चकतीवर भोकाच्या कडेची गोल खूण उमटली होती, लग्नाच्या अंगठीने बोटावर उमटते तशी, आणि त्या खुणेवर मोहरीएवढा क्षाराचा एक पांढरा खडा रुतून बसला होता. रात्रभर पंप वाजवत होता तो हा खडा.

टाकीचे आटे ब्रशने स्वच्छ केले. नव्या व्हॉल्व्हच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, नाहीतर बसवताना टेप उलगडत जाते. पहिला आटा मोकळा सोडायचा. तिथे टेप लोंबत राहिली तर तिचा तुकडा आत जाऊन थेट चकतीखाली बसतो आणि नवाकोरा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी ठिबकतो. मग हाताने जाईल तेवढा घट्ट, आणि पान्याने आणखी दीड-दोन फेरे, व्हॉल्व्हचं तोंड खाली येईपर्यंत. तोंड थोडं पुढे गेलं म्हणून उलट फिरवून सरळ करू नये. हे आटे निमुळते असतात, मागे फिरवले की सांधा सैल होतो. पूर्ण काढून, नवी टेप लावून पुन्हा बसवावा.

तोंडाला जोडायचा पाइप उतारावर, तोंडाच्याच मापाचा आणि कढत पाणी सोसणारा हवा. वाटेत नळ नको, टोकाला प्लग नको, वर चढणारा वळसाही नको. अमेरिकेच्या घरगुती प्लंबिंगच्या नियमांत या पाइपावर कुठलीही झडप लावायला मनाई आहे, आणि बोटीवर तर तिचं कामच नाही. मी माझ्या पाइपाचं टोक एका पारदर्शक बाटलीच्या उघड्या तोंडावर सोडलंय. किती पाणी आलं ते डोळ्यांना दिसतं आणि बिल्जही कोरडा राहतो.

वीज लावण्याआधी

या कामात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शेवटच्या पाच मिनिटांत. टाकी अर्धी रिकामी आहे हे विसरून कुणीतरी ब्रेकर चढवतं. पाण्याबाहेरचा एलिमेंट बघता बघता जळून जातो आणि व्हॉल्व्ह राहतो बाजूला, नवा एलिमेंट शोधायची पाळी येते. म्हणून आधी पंप चालू करायचा, गरम पाण्याचे सगळे नळ उघडायचे, आणि फुरफुर थांबून अखंड धार येईपर्यंत वाट बघायची. मग नळ बंद, पंप आपोआप थांबेल, आणि सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा पाझर कागदाला कळतो. त्यानंतरच वीज. पहिल्या वेळी पाणी तापत असताना मी तिथेच बसून होतो, बाटलीकडे बघत.

बाटलीत अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी आलं आणि थांबलं. जसा हिशोब तसंच. पण हे रोज होऊ दिलं तर प्रत्येक खेपेला थोडे क्षार चकतीवर बसतात आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा मोहरीचा खडा. शिवाय नांगरावर असताना पाव लिटर गोडं पाणीही मोजून वापरायचं असतं. म्हणून पुढच्या महिन्यात मी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या मध्ये तीन लिटरची एक्स्पान्शन टाकी बसवली. तिच्या आत रबरी पडदा असतो, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी फुगलं की हवा दबते, निवलं की हवा त्याला परत ढकलते. हवेचा दाब पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून जरासा कमी ठेवायचा, सायकलच्या पंपाने भरता येतो. त्यानंतर बाटली कोरडी आहे.

राहिली थंडी. चेसापीकमध्ये हिवाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात आणि पारा शून्याखाली जातो. पाण्याचं बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं, आणि त्या फुगण्यापुढे कुठलाही व्हॉल्व्ह उपयोगाचा नाही, कारण बर्फ त्या भोकातून वाहून जात नाही. टाकी पूर्ण रिकामी करायची, व्हॉल्व्हची दांडी उचलून त्याच्या पोटातलं चमचाभर पाणीही काढायचं, आणि पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपात कदापि नको. वसंतात बोट उतरवल्यावर पहिल्या भरणीला दांडी एकदा उचलून बघतो, पाणी झटक्यात येतं आणि झटक्यात थांबतं का ते. व्हॉल्व्हच्या पितळावर पक्क्या शाईच्या पेनाने बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे, म्हणजे पुढे जो कोणी या कप्प्यात कुशीवर झोपेल त्याला ती बॅटरीच्या उजेडात वाचता येईल.